जुनी पिकप घेताना इंजिन कसं बघितलं

कांदा पिंपळगावच्या मार्केटला न्यायचा तर दर वेळी भाड्याची पिकप सांगावी लागायची, आणि भाव चढला की नेमकी तेव्हाच गाडी मिळायची नाही. म्हणून साडेतीन लाखांच्या आत जुनी बोलेरो पिकप बघायचं ठरवलं. छोटा हत्ती त्याहून स्वस्तात मिळत होता, पण त्याचं इंजिन 702 सीसीचं, दोन सिलिंडरचं. आमच्या भरतीला ते पुरणारं नव्हतं. बोलेरोचं 2523 सीसीचं चार सिलिंडरचं डिझेल इंजिन आमच्याकडच्या मिस्त्री लोकांना तोंडपाठ आहे, पार्टही तालुक्याला मिळतात. एवढ्या पैशांत येणाऱ्या गाडीचं इंजिन कधी ना कधी खोलावं लागणारच. ते याच हंगामात की चार-पाच वर्षांनी, एवढंच मला शोधायचं होतं.

मीटरवरच्या किलोमीटरकडे मी फारसं बघितलंच नाही. तो आकडा मागे फिरवता येतो. त्यापेक्षा मागच्या चाकापाशी वाकून पाटे, म्हणजे भार पेलणाऱ्या स्प्रिंगच्या लोखंडी पट्ट्या, बघितले. जादा पाटे चढवलेले दिसले, की ती गाडी विटा नाहीतर वाळू वाहून आलेली असण्याची शक्यता मोठी, आणि जो भार पाट्यांनी सोसला तो इंजिन आणि क्लचनंही सोसलेला असतो. दुधाच्या रूटची गाडी किलोमीटरनं जास्त असली तरी मला ती बरी वाटते. भार बेताचा असतो, शिवाय रस्त्यात बंद पडली तर दूध नासतं, म्हणून मालक ऑइल वेळच्या वेळी बदलतो.

सोबत गावातले अण्णा मिस्त्री होते. त्यांची पहिली अट: "मालकाला सांगून ठेव, आम्ही येईपर्यंत सेल्फ मारायचा नाही." डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतो, दाबून तापलेल्या हवेतच डिझेल पेटतं. पिस्टनच्या रिंगा झिजून कॉम्प्रेशन, म्हणजे हवेवरचा दाब, गेलं, की थंड इंजिन लवकर उठत नाही. गरम इंजिन मात्र बरंच काही झाकतं.

एमएच-41 पासिंगची एक गाडी बघायला गेलो तर बॉनेट कोमट लागलं. "आत्ताच डिझेल टाकून आलो, दादा," मालक म्हणाला. अण्णा काही बोलले नाहीत. चहा मागवला, पावसापाण्याच्या गप्पा काढल्या आणि इंजिन पुरतं गार होईपर्यंत तिथून हलले नाहीत. तोवर मी ऑइलची काडी काढून बघितली. ऑइल मधासारखं पिवळं होतं. डिझेल इंजिनचं ऑइल चार दिवसांत काळं पडतं, त्यामुळे काळ्या ऑइलला घाबरायचं कारण नाही. विकायच्या गाडीत ते पिवळंधमक दिसलं तर मात्र कालच का बदललं हे विचारायचं. बोटांवर चोळलं तर चांगलंच दाट लागलं. धूर आणि आवाज दबावा म्हणून असं जाड ऑइल टाकतात.

सेल्फ मारला तेव्हा इंजिन बराच वेळ कण्हत राहिलं. बॅटरी किंवा थंड इंजिन उठावं म्हणून आत ऊब देणारा हीटर प्लगही कमजोर असू शकतो, म्हणून एवढ्यावरून निकाल द्यायचा नाही. पण सुरू झाल्यावर अण्णांनी ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवलं, तर ते थडथड उडून बाजूला पडलं आणि आतून धुराचे भपके यायला लागले. थोडी हवा प्रत्येक जुनं डिझेल इंजिन मारतं. एवढी मारत असेल, तर दाब रिंगांच्या बाजूनं खाली निसटतोय आणि बोअर-पिस्टनचं काम दारात उभं आहे. मालक लगेच तीस हजार कमी करायला तयार झाला. आम्ही निघालो.

मी घेतलेली गाडी चांदवडकडची, दुधाच्या रूटची, जुन्या यांत्रिक पंपाची. इंजिन धुतलेलं नव्हतं, हे मला आवडलं. धुतलेल्या इंजिनावर गळती कुठून आहे ते कळत नाही. इथं धूळ सगळीकडे सारखी बसलेली होती, हेडच्या सांध्यावर ताजं सीलंट नव्हतं आणि ब्लॉकवरचा इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळत होता. चावी फिरवल्यावर ऑइलचा लाल दिवा लागतो का, हेही बघितलं. काही महाभाग बल्बच काढून ठेवतात! दिवा लागला, इंजिन सुरू होताच विझला.

आवाजात थोडी लंगड होती. नोजल म्हणजे सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारी तोटी. अण्णांनी नोजलच्या पाइपांचे नट एकेक करून जरासे सैल केले, की त्या सिलिंडरचं डिझेल तुटतं. तीन ठिकाणी इंजिनचा आवाज पडला, चौथ्यावर जवळजवळ काहीच फरक नाही. म्हणजे तो सिलिंडर नीट काम करत नव्हता. हा प्रयोग कॉमन रेलच्या, म्हणजे इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनच्या नव्या, गाडीवर अजिबात करू नका, तिथला दाब हात फाडेल इतका असतो.

मग खताच्या गोण्या टाकून राहुड घाट चढलो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून गिअरवर गाडी येऊ दिली आणि खाली पोचल्यावर एकदम दाबला. व्हॉल्व्ह सील किंवा रिंगा गेल्या असतील तर इथं निळा धूर निघू शकतो. मामा मागून मोटारसायकलवर येत होते, त्यांना दिसला तो काळसर आणि क्षणभरच. परत येऊन इंजिन गार झाल्यावर रेडिएटरचं झाकण उघडलं आणि पुन्हा सुरू करून रेस दिली. पाण्यात बुडबुडे नाहीत, तेलाचा तवंगही नाही. म्हणजे हेड आणि ब्लॉकच्या मधलं हेड गॅस्केट शाबूत.

मालकाला नोजलचं सांगितलं, तर तो म्हणाला, "ते तुम्ही करून घ्या, पैसे मी सोडतो." सोडले. अण्णांचं म्हणणं, एक नोजल बिघडलं की बाकीचीही त्याच वयाची असतात. म्हणून चारही काढून पंप-नोजलवाल्याकडे तपासायला दिली. त्यातलं आणखी एक ठिबकत निघालं.