परदेशातले सिव्हिल आणि उलव्याची चिखलमाती

भाच्याने बारावीनंतर सिव्हिल अभियांत्रिकीसाठी परदेशी जायचे ठरवले आणि जमीन तपासणीच्या कामात वीस वर्षे घालवलेला मामा म्हणून ताईने विद्यापीठांची यादी माझ्याकडे ऐरोलीला पाठवली. यादी ठाण्यातल्या एका सल्लाकेंद्राने केली होती. तीत जागतिक क्रमांक होते, वसतिगृहांची छायाचित्रे होती. ती पदवी घेऊन मुलाला कोणत्या देशात आराखड्यावर सही करता येईल, याविषयी मात्र अवाक्षर नव्हते.

आमच्या धंद्यात प्रश्न तिथूनच सुरू होतो, कारण मोजण्याची रीतही देशागणिक बदलते. आपल्याकडे एम २५ काँक्रीट म्हणजे १५० मिलिमीटरचा क्यूब २८ दिवसांनी तपासून ठरवलेली ताकद. अमेरिकेत क्यूबऐवजी सिलिंडर फोडतात आणि तेच काँक्रीट त्यात साधारण चार पंचमांश ताकदच दाखवते. युरोपीय संहितेत, म्हणजे बांधकामाच्या नियमावलीत, म्हणून सी २५/३० असे दोन्ही आकडे शेजारी लिहितात, आधी सिलिंडरचा, मग क्यूबचा. भाच्याने विचारले, "मग मामा, खरा आकडा कुठला?" मी म्हटले, "दोन्ही खरे. आराखडा करताना कुठला धरलास, हे विसरलास की संपलं." चार वर्षांत जी संहिता हाताला वळण लावते ती सहजी सुटत नाही, म्हणून देश आधी ठरवावा आणि विद्यापीठ नंतर, असे माझे मत आहे.

ब्रिटनमध्ये चार वर्षांची एमइंग (मास्टर ऑफ इंजिनियरिंग) मान्यताप्राप्त असेल तर चार्टर्ड इंजिनियर या तिथल्या व्यावसायिक नोंदणीसाठी लागणारा शैक्षणिक भाग तिच्यात पुरा होतो. तीन वर्षांची बीइंग (बॅचलर ऑफ इंजिनियरिंग) स्वस्त दिसते, पण तेवढ्याने तो भाग अर्धवट राहतो आणि पुढे बहुधा एमएससी करावी लागते. दोन्हींच्या शुल्काची तुलना त्या चौथ्या वर्षासकट करायला हवी. अमेरिकेत एबेट या मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता विद्यापीठाला नसते, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाला असते, आणि परवाना राज्यागणिक घ्यावा लागतो. वॉशिंग्टन कराराचे नाव सल्लाकेंद्रातही निघाले. भारत २०१४ पासून त्याचा पूर्ण सदस्य आहे, परंतु त्या करारात मान्यताप्राप्त पदव्यांची समकक्षता मानली जाते, परवाना हाती पडत नाही. यादीतल्या दोन पदव्या तर 'कन्स्ट्रक्शन मॅनेजमेंट'च्या होत्या. त्या वाईट नाहीत, पण ते सिव्हिल नव्हे, आणि हे ताईला कोणीही सांगितले नव्हते.

जर्मनीवर त्याचा डोळा होता, कारण तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही. मात्र पदवीचे शिक्षण मुख्यतः जर्मन भाषेत, आणि नुसत्या बारावीवर थेट प्रवेशही सहसा मिळत नाही. ते नाव आम्ही बाजूला ठेवले.

एका रविवारी त्याला आमच्या गोदामात नेऊन नवी मुंबईतल्या उलव्याच्या बोअरमधली एक यूडीएस नळी, म्हणजे जमिनीतून न विस्कटता काढलेला मातीचा नमुना, उघडून दाखवली. करडी-काळी खाडीची माती, लोण्यासारखी मऊ, मधूनच शिंपल्याचा तुकडा, आणि ओहोटीच्या वेळी वाशी पुलावर येतो तोच वास. त्याने बोट रुतवले. खळगा तसाच राहिला. हीच माती दाबून घट्ट बसवण्यासाठी तिच्यात बँड ड्रेन, म्हणजे पाणी बाहेर काढणाऱ्या पट्ट्या, उतरवतात, वर भराव टाकतात आणि आतले पाणी निघेपर्यंत कित्येक महिने थांबतात, हे ऐकून तो म्हणाला, "मला हेच शिकायचंय." मऊ मातीवर वसलेला देश म्हणून नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाचे नाव मी सुचवले, पण तिथली सिव्हिलची पदवी डच भाषेत असते आणि एमएससी इंग्रजीत, म्हणजे ते पदव्युत्तर शिक्षणापुरते राखून ठेवायचे.

सध्या ब्रिटनमधली तीन एमइंग उरली आहेत. मान्यतेच्या यादीत कोणत्या वर्षी प्रवेश घेणाऱ्यांपर्यंत मान्यता आहे तेही दिलेले असते. दोघांच्या नोंदीत भाच्याचे वर्ष आहे, तिसऱ्याची मुदत त्याच्या आदल्या वर्षीच संपते. त्या विभागाला त्याने स्वतः पत्र लिहिले असून उत्तराची वाट पाहणे चालू आहे.