व्याध ब अखेर दिसला

काल व्याधाचा साथीदार, म्हणजे त्याच्या जोडीचा अंधुक तारा व्याध ब, दिसला. एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा, आणि दर वेळी त्याच जागी. दुर्बीण तीच, 8 इंची एफ/6 डॉब (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण). बदललं ते नळीच्या तोंडावरचं मास्क आणि बघण्याची पद्धत.

अंतराची अडचण कधीच नव्हती. सध्या ते 11 आर्कसेकंदांच्या (आर्कसेकंद म्हणजे अंशाचा 3600वा भाग) आसपास आहे, म्हणजे मृग नक्षत्रातल्या राजन्य ताऱ्याच्या जोडीपेक्षा जास्तच, आणि राजन्य ब तर सहज सुटा दिसतो. गोची आहे ती तेजाची. व्याध उणे 1.46 प्रतीचा, साथीदार साडेआठच्या जवळपास (प्रतीचा आकडा जितका कमी, तितकं तेज जास्त). फरक जवळजवळ दहा हजार पटींचा. खगोलज्ञ बेसेलने व्याधाच्या डुलत्या चालीवरून 1844 मध्येच साथीदाराचं अस्तित्व ओळखलं होतं, पण तो डोळ्यांना दिसायला 1862 उजाडलं, तेही दुर्बिणी बनवणारा अल्वन ग्रॅहम क्लार्क साडेअठरा इंची नवं भिंग तपासत होता म्हणून.

मला छळत होते ते स्पायडरचे काटे, म्हणजे दुय्यम आरसा धरणाऱ्या पात्यांमुळे ताऱ्याभोवती उमटणाऱ्या प्रकाशरेषा. माझ्या डॉबची पाती तिरकी आहेत. डॉबमध्ये आकाश नळीच्या मानाने सतत फिरत राहतं, त्यामुळे व्याध याम्योत्तर (आकाशातली उत्तर-दक्षिण मध्यरेषा) ओलांडून जरा पश्चिमेला कलला की एक काटा नेमका साथीदारावर येऊन बसतो. मग सीइंग (हवेची स्थिरता) कितीही चांगलं असो, काही उपयोग नाही. म्हणून आता व्याध पूर्वेकडून वर चढत याम्योत्तराला टेकेपर्यंतच बघायचं, त्यानंतर दुसरं लक्ष्य.

दुसरा उपाय षटकोनी मास्कचा. जाड काळा पुठ्ठा, आतला षटकोन आरशाच्या व्यासात जेमतेम बसणारा. याने सहा लांब काटे उमटतात, पण दोन काट्यांमधली फट बऱ्यापैकी काळी होते. मास्क फिरवत फिरवत ईशान्य-पूर्व दिशा फटीच्या मधोमध आणायची. साथीदार तिथेच आहे.

तरीही काही काळ नुसता झगमगाट. मग डॉब हलवणं सोडून दिलं आणि व्याधाला आपोआप सरकू दिलं. 6 मिमीच्या ऑर्थोस्कोपिक आयपीसमध्ये (डोळा लावायच्या भिंगात), 200 पटींवर, तो दृश्यक्षेत्राच्या पश्चिम कडेआड गेला, लखलखाट एकदम तुटला, आणि मागे एक बारीक, कोरडा पांढरा ठिपका राहिला. जेमतेम पाऊण सेकंद. मग तोही कडेआड. साथीदार पूर्वेच्या बाजूला असल्याने तो मागून जातो, म्हणून ही युक्ती चालते. आयपीसमधलं भूत, म्हणजे काचांतल्या परावर्तनाची खोटी प्रतिमा, तर नाही ना, हे बघायला व्याध क्षेत्राच्या वेगवेगळ्या भागांतून नेला: भूत उलट दिशेला सरकतं, हा ठिपका व्याधाबरोबरच चालला. नंतर हवा क्षणभर थबकली तेव्हा व्याध क्षेत्रात असतानाही तो फटीत दिसला! पृथ्वीएवढा, पण सूर्याएवढ्या वस्तुमानाचा श्वेतबटू (ताऱ्याचा उरलेला दाट गाभा), परसातल्या दुर्बिणीतून. अजून विश्वास बसत नाही.

आयपीसबद्दल माझं मत पक्कं झालंय. अशा कामाला चार काचांची साधी ऑर्थोस्कोपिकच हवी. झूम आयपीसमध्ये याच फटीत धुकं भरलेलं होतं. आरशावरची धूळही इथे नडते, एरवी तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं.

पुढचा बेत असा होता की जुन्या आयपीसच्या फील्ड स्टॉपवर (दृश्यक्षेत्राची कड आखणाऱ्या कड्यावर) फॉइलची पट्टी चिकटवायची आणि तिच्याआड व्याध लपवायचा. हे लिहिता लिहिता वाटतंय की पट्टी नकोच, कड तेच काम करतेय. तो वेळ ज्येष्ठा या लाल ताऱ्याला देतो, त्यालाही साथीदार आहे. तिथे अंतर अडीच-पावणेतीन आर्कसेकंदच, त्यामुळे आयपीसची कड पुरणार नाही, पण चंद्राची पुरेल. त्या साथीदाराचा सुगावा 1819 मध्ये चंद्राच्या पिधानातच (चंद्र ताऱ्याला झाकतो तेव्हा) लागला होता. तो ज्येष्ठाच्या पश्चिमेला आहे, म्हणजे पिधान सुटताना आधी तो बाहेर येणार आणि मग लाल ज्येष्ठा. पिधानांची सध्याची मालिका 2028 पर्यंत आहे. आपल्याकडून दिसणारी कोणती, हे आज रात्री स्टेलॅरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये बघून ठेवतो.