जीप गात होती, पण चालत नव्हती

मनूच्या जीपचे, म्हणजे मुलांनी आत बसून चालवायच्या बॅटरीवरच्या खेळण्यातल्या जीपचे, दिवे लागत होते. भोंगा वाजत होता. ते एकच एक इंग्रजी गाणंही चालू होतं, जे मागच्या वाढदिवसापासून आमच्या अख्ख्या मजल्याला पाठ झालं आहे. फक्त पॅडल दाबलं की आतून ‘टिक्’ असा आवाज यायचा आणि जीप जागची हलायची नाही. पावसाळाभर ती बाल्कनीत प्लास्टिकच्या कागदाखाली उभी होती. दिवाळीच्या सुट्टीत मोठ्या हौसेने पार्किंगमध्ये नेली आणि तिथेच हा प्रकार.

“आई, जीप रुसली का गं?”

दिवे लागताहेत म्हणजे बॅटरी ठणठणीत आहे, असं मी धरून चालले. पॅडल दाबताच दिवे क्षणभर मंदावायचे. ते दिसत होतं, पण त्याचा अर्थ काही लावला नाही. तरी रात्रभर चार्जिंगला लावावी म्हणून चार्जर जोडला, तर पंधरा मिनिटांत हिरवा दिवा. एरवी आठ-दहा तास लागतात. मला उलट बरं वाटलं, भरलेलीच होती तर!

खेळण्यांच्या दुकानदाराने जीप उघडूनही न बघता निकाल दिला, “मॅडम, मोटर गेली. दोन असतात, दोन्ही बदलाव्या लागतील.” खर्च ऐकून मी जीप परत डिकीत कोंबली.

रात्री साताऱ्याला सासऱ्यांना फोन केला. बाबांचं अख्खं आयुष्य एसटीच्या वर्कशॉपमध्ये वायरिंग करण्यात गेलंय. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “मागची चाकं अधांतरी ठेवून बघितलीस का?”

नव्हती बघितली. चार विटा आणल्या, जीप त्यावर चढवली आणि पॅडल दाबलं. उजवं चाक गरागरा फिरलं! डावं मात्र गप्प.

“म्हणजे एक मोटर तरी जिवंत आहे. डाव्याचं नंतर बघू. आधी बॅटरी.”

“पण बाबा, मी मीटर लावलं होतं. बारा पॉइंट तीन व्होल्ट दाखवतंय.” मीटर त्यांचंच, मागच्या खेपेला विसरून गेलेले.

“अगं, गोठ्यात उभा बैल सगळाच दणकट दिसतो. औताला जुंप त्याला.”

औत म्हणजे स्कूटरच्या इंडिकेटरचा 12 व्होल्ट, 21 वॉटचा बल्ब. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या दादांनी तो दोन वायरी जोडून दिला. सीटखालचे दोन स्क्रू काढले, बॅटरीच्या पिना सोडवल्या, बल्ब लावला आणि मीटर डीसी 20 व्होल्टच्या खुणेवर ठेवून बघत बसले. 12.3 चे 9 झाले, मग 7, मग 6. बल्ब लाल होत होत विझायला आला. एवढासा बल्ब पावणेदोन अँपिअर ओढतो. मनूला बसवून जीप जागची हलवायची तर मोटरी सुरुवातीला त्याच्या कितीतरी पट ओढणार. एलईडी दिव्यांना आणि गाण्याला मात्र चिमूटभर करंट पुरतो. म्हणून जीप गात होती!

हिरव्या दिव्याचं कोडंही बाबांनी सोडवलं. शिशाची बॅटरी अर्धवट रिकामी ठेवून दिली की प्लेटांवर सल्फेट धरतं. महिने गेले की ते घट्ट होतं आणि मग बॅटरी करंट घेतच नाही. चार्जरला वाटतं, पोट भरलं.

जुन्या बॅटरीवर 12 व्होल्ट, 7 एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीची क्षमता) लिहिलं होतं. जीपची म्हणून वेगळी शोधायची गरज नाही, कॉम्प्युटरच्या यूपीएसमध्ये असते तीच ही. यूपीएस दुरुस्त करणाऱ्याकडे हजाराच्या आत मिळाली आणि जुनी त्यानेच ठेवून घेतली. फक्त जाताना जुनी सोबत न्या. मापं सारखी असली तरी वरच्या पिनांची रुंदी दोन प्रकारची येते. मी नेली नव्हती. रुंद पिनांची घेऊन आले आणि जीपच्या वायरींची थिंबलं (टोकाच्या धातूच्या टोप्या) त्यावर बसेनात, म्हणून दुसरी फेरी झाली. आणि जोडताना पक्कड किंवा पाना दोन्ही पिनांना एकदम टेकू देऊ नका. खेळण्यातली असली तरी ठिणगी खरी उडते. फ्यूज असतो तो लाल वायरीवर पुढे, त्याच्या अलीकडे, बॅटरीच्या बाजूला, तो वाचवत नाही, तुमचं तुम्हीच बघायचं.

नवी बॅटरी लावून जीप निघाली, पण लंगडत. मनू सरळ जायला बघायची आणि जीप डावीकडे ओढत खांबाकडे जायची. डाव्या चाकाचं दुखणं राहिलंच होतं की!

इथे बाबांची युक्ती मला फार आवडली. दोन्ही मोटरींच्या वायरींचे प्लग सारखेच असतात. त्यांची अदलाबदल करायची. डावं चाक तरीही गप्प राहिलं तर मोटर खराब. दुखणं उजवीकडे गेलं तर मोटर चांगली, वायर खराब. जीप पुन्हा विटांवर चढवली, प्लग बदलले. डावं चाक फिरलं, उजवं थांबलं! दुकानदाराच्या दोन मोटरींचा हिशोब तिथेच मिटला.

त्या प्लगच्या आत हिरवट थर चढला होता. प्लास्टिकच्या कागदाखाली चार महिने कोंडलेली ओल, दुसरं काय. बॅटरी सोडवली, पॉलिश पेपरची बारीक सुरळी करून प्लग आतून घासला, सैल झालेली पितळी पट्टी पकडीने हलकेच आवळली. दहा मिनिटांचं काम. त्यासाठी माझे दोन रविवार आणि एक नख खर्ची पडलं.

आता वापरली नाही तरी दर महिन्याच्या एक तारखेला जीप चार्जिंगला लागते. कॅलेंडरवर दुधाच्या खाड्यांशेजारी तिचीही खूण असते. प्लास्टिकचा कागद जाऊन जुनी चादर आली आहे.

परवा मनू पार्किंगला दोन चकरा मारून वर आली. गाल लाल, कपाळावर आठ्या. “आई, गाणं वाजतच नाहीये. आजोबांना फोन लाव ना.”

सगळ्या पिना परत लावताना गाण्याची तेवढी मी बाहेरच ठेवली आहे. बाबांना हे आधीच सांगून ठेवलंय. ते म्हणाले, “मी सांगतो तिला, पार्ट मागवलाय म्हणून.”