उन्हाळ्यासाठी ब्लॉक सैल करून घेऊ नका

सोलापुरात मे महिन्यात पारा बेचाळीसच्या वर गेला की मोटरसायकलच्या इंजिनाचा झिजलेला ब्लॉक (सिलिंडर) आतून कापून देणाऱ्या बोअरिंगवाल्याला एक सूचना हमखास मिळते: "ऊन फार आहे, ब्लॉक जरा सैलच ठेवा." ती ऐकू नये. पिस्टन ॲल्युमिनियमचा, ब्लॉकमधली नळी म्हणजे स्लीव्ह बिडाची. ५० मिमी व्यासाला तापमान २० वरून ४२ अंशांवर गेलं, तर पिस्टन स्लीव्हपेक्षा जेमतेम ०.०१ मिमी जास्त फुगतो. चालू इंजिनात पिस्टनचा माथा दोनशे अंशांच्या वर असतो आणि कंपनीने क्लिअरन्स (पिस्टन आणि स्लीव्हमधली फट) ठरवलेला असतो तो त्याच हिशेबाने. सैल ब्लॉकचा पिस्टन सकाळी खडखडतो, रिंगा नीट बसत नाहीत, गाडी ऑइल खाते. वर बोअरिंगचे पैसे गेले ते वेगळेच.

उन्हाचा खरा घोळ होतो तो माप घेताना. होनिंग करून (आतून घासून शेवटचं माप आणून) नुकताच उतरवलेला ब्लॉक ३० अंशांनी जरी गरम असला, तरी ५० मिमीचं बोअर (पिस्टनचं भोक) ०.०१५ मिमीने मोठं दिसतं. गार झाला की तेवढाच आवळतो. १०० सीसीच्या गाड्यांत क्लिअरन्सच मुळात ०.०२ ते ०.०४ मिमी (आपल्या मॉडेलचा आकडा मॅन्युअलमधूनच घ्या), म्हणजे निम्मा तिथेच गेला. डिकीत तापलेला पिस्टन मापला तर उलटी चूक होते. ब्लॉक आणि पिस्टन तासभर एकाच टेबलावर सावलीत ठेवा आणि मगच मायक्रोमीटर हातात घ्या.

आता क्रम. बोअर डायल गेजने वर, मध्ये, खाली अशा तीन ठिकाणी मापा, प्रत्येक ठिकाणी गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या खिळीच्या) दिशेत आणि तिला काटकोनात. सगळ्यात जास्त झीज वरची रिंग जिथून परत फिरते तिथे सापडते. पिस्टनचे ओव्हरसाइज (मूळ मापापेक्षा मोठे) ०.२५, ०.५०, ०.७५ आणि १.०० मिमी असे येतात. ०.२५ म्हणजे एका बाजूने फक्त ०.१२५ मिमी कापलं जातं. एका अंगाला ०.१५ मिमी खोल ओरखडा असेल तर पहिल्या बोअरिंगला तो निघणार नाही, सरळ ०.५० घ्या. बोअर ओरखड्याकडे सरकवून कापणारे महाभाग आहेत. त्याने पिस्टन कनेक्टिंग रॉडच्या मध्यरेषेत राहत नाही.

पिस्टन आधी विकत घ्या, बोअरिंग नंतर करा. डब्यावर ०.५० छापलंय म्हणून भागत नाही. पिस्टन वरून निमुळता आणि किंचित अंडाकृती असतो, म्हणून माप स्कर्टच्या (पिस्टनच्या खालच्या भिंतीच्या) खालच्या कडेपासून साधारण १० मिमी वर, गजन पिनच्या काटकोनात घ्यायचं. ते ५०.४७ आलं आणि क्लिअरन्स ०.०३ हवा असेल, तर तयार बोअर ५०.५०. कटरने ५०.४५ पर्यंतच जा, उरलेले ०.०५ होनिंगला ठेवा. कटरच्या रेघा पूर्ण गेल्या पाहिजेत आणि तिरकी जाळी दिसली पाहिजे. गुळगुळीत आरसा केलेल्या बोअरवर ऑइल टिकत नाही.

यानंतरची पायरी बहुतेक जण खातात. होनिंगची कुरुंदाची भुकटी त्या जाळीत रुतून बसते आणि ती पेट्रोलने किंवा रॉकेलने निघत नाही. गरम पाणी, कपड्याचा साबण, ब्रश. पुसून लगेच ऑइल लावा, पांढरं फडकं फिरवा. काळं निघालं तर पुन्हा धुवा. नवीन रिंगा महिन्याभरात गेल्या की दोष पिस्टनच्या कंपनीला दिला जातो, पण बऱ्याचदा कारण ही भुकटीच असते.

रिंग पिस्टनने ढकलून बोअरमध्ये सरळ बसवा आणि फीलर गेजने टोकांतली फट बघा. ५० मिमीला ०.१५ ते ०.२० मिमी ठीक. फट कमी असेल तर गरम झाल्यावर टोकं भिडतात आणि पिस्टन जाम होतो. ब्लॉक सैल ठेवून हा जाम टळत नाही. गजन पिनचे लॉक नवीनच घाला, आणि ते घालताना क्रँककेसच्या तोंडात फडकं कोंबा. कनेक्टिंग रॉड वर-खाली हलत असेल तर आधी क्रँकचं काम. नाहीतर नवा पिस्टन फुकट जाईल.

ताकद वाढेल म्हणून बोअर मोठं करायला निघालेल्यांसाठी: स्प्लेंडरचं ५० × ४९.५ मिमीचं इंजिन ९७.२ सीसी, पूर्ण १ मिमी वाढवलं तरी १०१ सीसी. चार सीसीसाठी स्लीव्हची भिंत अर्ध्या मिमीने पातळ होते. १.०० नंतर नवीन स्लीव्ह ठोकून परत स्टँडर्ड म्हणजे मूळ मापावर यायचं. केटीएम ड्यूकसारख्या निकासिल (निकेलच्या) लेपाच्या ब्लॉकला मात्र कटर लावूच नका, सहसा ब्लॉक-पिस्टन सेटच बदलावा लागतो. ओळख सोपी आहे: बोअरच्या भिंतीला चुंबक बिडाच्या स्लीव्हसारखा घट्ट चिकटत नाही.

गाडी बांधल्यावर पहिले ५०० किमी वेग बदलत चालवा, ट्रिपल सीट आणि दुधाचे कॅन नकोत. ३०० किमीला ऑइल काढून टाका. एअर फिल्टरची रबरी नळी तडकली असेल तर तीही आत्ताच बदला. यंत्रमागाचा भुसा आणि उसाच्या ट्रॅक्टरमागची काळ्या मातीची धूळ त्याच तडीतून आत शिरते आणि पुढच्या बोअरिंगची वेळ लवकर येते.