बनावट शोधनिबंध यंत्र, नोंद ७ : चा-ची-चे वठणीवर आले (जवळजवळ)

शनिवारी रात्री पावणेदोनला माझ्या यंत्रानं, म्हणजे गणिताचे निरर्थक निबंध आपोआप मराठीत रचणाऱ्या प्रोग्रॅमनं, हे ओकलं :

'प्रमेय ३.२. समजा ग हे सांत, काप्रेकरीय वलय आहे. तर ग च्या प्रत्येक संवृत उपसंचाच्या मुळांची बेरीज रिक्त असते. सिद्धता. हे उघड आहे.'

गणित शून्य, पण व्याकरणाची एकही चूक नाही! घरचे झोपले होते म्हणून ओरडलो नाही, एवढंच. नोंद ६ मधलं हेच वाक्य आठवा : 'ग चा प्रत्येक संवृत उपसंचचा मूळचा बेरीज रिक्त असतो.' तेव्हा एकानं विचारलं होतं, यंत्र नुकतंच मराठी शिकतंय का. हो, मीच शिकवत होतो.

इंग्रजीत असेच बनावट गणिती निबंध रचणाऱ्या नेट एल्ड्रेजच्या मॅथजेनला (२०१२) ही भानगड नाही, आणि ते ज्याच्यावर बेतलंय त्या एमआयटीच्या सायजेनलाही (२००५, संगणकशास्त्राचे बनावट निबंध) नव्हती. इंग्रजीत 'ऑफ' एकदा टाकला की कुणाकडे बघायची गरज नाही. संदर्भमुक्त व्याकरणाचे नियम एकात एक उलगडत जायचं आणि खाचेत सापडेल ते नाम कोंबायचं. मराठीत तसं कोंबलं की नाम रुसतं.

पहिला उपाय मी सरळ बुद्धीनं केला. तीन लिंगं, दोन वचनं, मूळ रूप आणि सामान्यरूप, म्हणजे प्रत्येक नामपदाचे बारा नियम. नियमांची फाइल इतकी फुगली की एक विशेषण वाढवायचं तरी बारा ठिकाणी हात घालावा लागे. आठवड्याभरात प्रोग्रॅमची ती शाखा टाकून दिली.

मग गिरणीवर दळणाची वाट बघत बसलो असताना लक्षात आलं की मी चुकीच्या टोकाला उभा आहे. 'उपसंचाच्या मुळांची बेरीज' घ्या. 'ची' का? तर बेरीज स्त्रीलिंगी आणि प्रत्ययाविना उभी आहे. 'च्या' का? तर पुढचं 'मुळां' सामान्यरूपात आहे. ते सामान्यरूपात का? तर त्याच्या पुढे पुन्हा षष्ठी आहे. सगळे निर्णय उजवीकडून डावीकडे येतात. म्हणून आता यंत्र आधी नुसत्या खुणा टाकतं (उपसंच+षष्ठी, मूळ+अनेक+षष्ठी, बेरीज) आणि दुसऱ्या फेरीत वाक्य शेवटाकडून वाचत प्रत्यय चिकटवतं. नियमांची फाइल पुन्हा माणसात आली.

यात दोन संध्याकाळी वाया गेल्या, आणि त्या पर्लमुळे (यंत्र ज्या प्रोग्रॅमिंग भाषेत लिहिलंय ती). यादी उलटी करून एका साध्या चलात ठेवली, तर पर्ल यादी उलटी करत नाही; सगळे शब्द जोडून अक्षरं उलटी करतं. मात्रा अक्षरांच्या आधी आल्या आणि पानभर ठिपक्यांची वर्तुळं उमटली. मी फॉन्टला शिव्या घातल्या. मुक्ता, शोभिका, टिरो देवनागरी मराठी, तिन्ही बदलून पाहिले. पानं जुळवणारं झीलाटेक सोडून लुआलाटेकवर गेलो आणि परत आलो. चूक एका कंसाची होती. एक फायदा झाला : आता टिरोवरच स्थिरावलोय. ल आणि श आपले मराठी वळणाचे मिळतात, भाषेची वेगळी सेटिंगं करत बसावं लागत नाही. जोडाक्षरांसाठी शोभिका उत्तम, पण गणिताच्या चिन्हांशेजारी मला ती जरा भारदस्त वाटते.

सामान्यरूपांची यादी मात्र हातानंच केली, त्याला पर्याय दिसला नाही. बेरीजचं बेरजे, मूळचं मुळा, संख्याचं संख्ये. पण सूत्र आणि रूप तत्सम, त्यांचा दीर्घ ऊ हलत नाही. बिंदू तर तसाच राहतो. 'पाया'नं छळलं : आकारान्त पुल्लिंगी म्हणून यंत्रानं 'पाय्याचा' केलं. ते सुधारलं, तर 'सदिश अवकाशाच्या पायाचा आकार' वाचून बायकोनं विचारलं, कितव्या नंबरची चप्पल लागते?

'करणाऱ्या' हे शेवटचं कुसळ. र, हलन्त आणि या जोडले की रफार 'या'च्या डोक्यावर चढतो आणि 'करणार्या' होतं. गणिती गद्यात 'समाधान करणाऱ्या फलांचा संच' पावलोपावली, त्यामुळे पान बघवत नव्हतं. आता मूळ शब्द र नं संपत असेल आणि प्रत्यय 'या'चा असेल, तर युनिकोडमधला ०९३० (र) काढून ०९३१ (ऱ) लावतो. हे फक्त सांध्यावर होतं, म्हणून 'कार्य' आणि 'सूर्य' सुरक्षित.

सगळ्यात गोड भाग : विकारी विशेषणं परत आणता आली. आजवर भीतीपोटी सांत, अनंत, संवृत असली न बदलणारी तत्समच ठेवली होती. काल पहिल्यांदा 'वाकड्या गटांची लंगडी बेरीज' छापून आली. मॅथजेनला हे जमणार नाही!

'पाठवून बघ एखाद्या नियतकालिकाला' असं दोघांनी सुचवलंय. नको. ते २०१२ मध्येच झालंय : मॅथजेनचा लेख स्वीकारला गेला, परीक्षकाला काही सिद्धता अपुऱ्या वाटल्या, आणि लेखकानं त्या पुरेशा आहेत असं कळवलं. त्या सिद्धता होत्या 'हे उघड आहे' आणि 'हे स्पष्ट आहे'. शुल्काचे पाचशे डॉलर भरले नाहीत म्हणून लेख छापला गेला नाही, एवढंच. त्याच्या सन्मानार्थ माझ्या सिद्धतांच्या नियमात 'हे उघड आहे' याचं निवडीतलं वजन तिप्पट केलंय. प्रत्येक पानाच्या तळाशी 'यंत्रनिर्मित, निरर्थक' मात्र राहणारच.

आता 'जवळजवळ' का, ते. क्रियापद उलट्या दिशेला बघतं. 'असतो, असते' हे डावीकडच्या कर्त्यावर ठरतं, आणि शेवटाकडून वाचताना कर्ता अजून आलेलाच नसतो. सध्या त्यासाठी तिसरी फेरी लावली आहे, डावीकडून उजवीकडे. ठिगळ आहे, पण चालतंय.

थांबा. हे लिहितालिहिताच सुचतंय : वाक्य डावीकडून उलगडायचंच कशाला? आधी कर्त्याचं मुख्य नाम निवडायचं, क्रियापद लगेच ठरवून टाकायचं, मग षष्ठ्यांची साखळी मागे मागे वाढवत न्यायची. दुसरी आणि तिसरी, दोन्ही फेऱ्या जातील. शिवाय 'ग' कशाचं नाव आहे ते तिथेच टिपून ठेवलं, तर 'ग हा गट' आणि 'ग हे वलय' यांचा घोळही मिटेल. सध्या प्रमेय ३.२ मध्ये ते वलय असतं आणि ३.३ मध्ये न सांगता गट होतं. म्हणजे नोंद ६ मध्ये कबूल केलेली संदर्भसूची पुढे ढकलली. 'डिटर्मिनंट'ला निश्चयक म्हणायचं की निर्धारक, हा वादही तूर्त बाजूला. दर निबंधाला नाणं उडवतो.

नवी शाखा रात्रीच सुरू केली आणि दहाव्या वाक्याला अडलो : 'गट, बहुपदी आणि वलय एकमेकांशी जोडलेले असतात', 'जोडलेल्या असतात' की 'जोडलेली असतात'? मी शेवटच्या नामाप्रमाणे 'जोडलेली' ठेवलंय. क्रम बदलून बहुपदी शेवटी आली की कानाला खटकतं. तुमच्यापैकी कुणी याचा नियम लावलाय का?