बांधावरची केसाळ अळी

पावसाळा ओसरत असताना अमळनेर तालुक्यातील बोरी नदीकाठच्या एका गावातून निरोप आला, तेव्हा कृषी सहायक म्हणून माझ्या डोक्यात गुलाबी बोंडअळीखेरीज दुसरे काही नव्हते. निरोप धाडणाऱ्या शेतकरी आप्पांनी मात्र मला कपाशीत न नेता थेट बांधावरच्या बाभळीखाली उभे केले. शेळ्यांसाठी पाला तोडणाऱ्या मावशींचा हात कोपरापर्यंत लाल होऊन सुजला होता, आणि “भाऊसाहेब, हाई काय शे?” असे विचारत आप्पांनी फवारणीचा पंप भरूनच ठेवला होता.

आधी मावशींचा हात न चोळता त्यावर चिकटपट्टी दाबून ओढून काढली. पट्टीला बारीक केस चिकटून आले. मग साबणाच्या पाण्याने हात धुवायला सांगून मी फांद्या न्याहाळू लागलो. करड्या रंगाची, बोटाएवढी जाड अळी सालीला इतकी चपटी बिलगली होती की नजर दोनदा तिच्यावरून गेली. तिच्या दोन्ही अंगांना त्वचेच्या लहान पाळ्या असून त्यांवरचे केस झालरीसारखे फांदीवर टेकतात, त्यामुळे अंगाची कड आणि सावली दोन्ही दिसेनाशी होतात. काडीने डिवचताच तिने मान आखडली आणि डोक्यामागचा, एरवी घडीत दडलेला काळ्या केसांचा आडवा पट्टा उघडा केला. खाज आणणारे केस बहुधा याच पट्ट्यांत असतात. बाभूळ आणि बोर या झाडांवर वाढणाऱ्या स्ट्रेब्लोट या पतंगाची ही अळी असावी, असे मला वाटले. त्याचे कुल, म्हणजे जवळच्या नात्यातल्या पतंगांचा गट, लॅसिओकॅम्पिडी.

या कुलाचा आयुष्यक्रम मला फार आवडतो. खाण्याचे सारे काम अळीच करते. पतंगाची सोंड खुरटलेली असते किंवा नसतेच, म्हणून कोषातून बाहेर पडल्यावर तो काही खात नाही; अळीने साठवलेल्या चरबीवरच त्याचे थोडके दिवस निघतात. कोषाच्या रेशमातही अळी आपले केस विणते, त्यामुळे रिकामा कोषसुद्धा उघड्या हाताने धरू नये.

त्याच फांदीवर कोषातून नुकतीच निघालेली मादी बसली होती. अंड्यांनी पोट जड झाल्यामुळे ती उडायला राजी नव्हती. अंधार पडू लागला तसे तिच्या गंधाने दोन नर आले. आकाराने लहान, पण त्यांच्या मिशांच्या दोन्ही कडांना लांब दात्यांच्या रांगा होत्या, कारण हवेतला तो गंध त्यांना मिशांनीच टिपायचा असतो.

“हे आता कपाशी खातील का?” आप्पांनी विचारले. पतंगांना खायला तोंडच नाही आणि ही अळी कपाशीच्या किडींच्या आमच्या यादीत नाही, असे सांगितल्यावर त्यांनी पंप उचलून बाजूला ठेवला. मावशींना मी पाला लांब कोयत्याने तोडून, फांदी उलटीपालटी पाहूनच शेळ्यांपुढे टाकायला सांगितले.