ग्राफ नव्हताच, म्हणून कुणी ओरडलं नाही

"सर, काटा आकडा दाखवायलाय, पण पावतीच निघंना झालीय."

काट्यावरच्या मामांचा हा फोन संध्याकाळी पावणेसातला आला. दसरा होऊन गेलेला, दिवाळी तोंडावर, म्हणजे सोयाबीनची आवक अगदी भरात. मी लातूरला एका सॉल्व्हंट प्लांटचे, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणाऱ्या कारखान्याचे, सर्व्हर आणि नेटवर्क बघतो. गाडी काढून पोचलो तर गेटपासून डांबरी रस्त्यापर्यंत ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. औसा, रेणापूर, चाकूरकडची माणसं. ट्रॉल्यांवर ताडपत्र्या आणि वर आभाळ भरून आलेलं. एक आजोबा ट्रॉलीला टेकून उभे होते. मला म्हणाले, "साहेब, पाऊस यायच्या आत वजन हुईल का?"

सोयाबीन भिजलं की ओल वाढते, ओल १२ टक्क्यांच्या वर गेली की भावात कट्टी लागते. माझ्या वडिलांनी अशाच रांगेत रात्री काढल्यात. आजोबांना काय सांगावं ते मला सुचेना. "बघतो काका," एवढंच म्हणून मी आत गेलो.

बिघाड सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत. सर्व्हरवर डिस्क किती भरली ते सांगणारी 'डीएफ' कमांड दिली, रूट पार्टिशनसमोर, म्हणजे डिस्कच्या मुख्य भागासमोर, १०० टक्के. पावत्यांचा डेटाबेस मायएसक्यूएल, त्याच्या लॉगमध्ये एरर २८, म्हणजे डिस्कवर जागाच उरलेली नाही. प्रत्येक गाडीचं दोनदा वजन होतं, एकदा भरलेलं आणि एकदा रिकामं, आणि दोन्ही वेळा चार कॅमेरे फोटो काढतात. हे फोटो डेटाबेसच्याच डिस्कवर साठत होते. जुने फोटो बाहेरच्या डिस्कवर हलवले आणि पाऊण तासात पावत्या सुरू झाल्या. आजोबांची ट्रॉली काट्यावरून उतरून शेडखाली गेली आणि मग थेंब पडायला लागले.

घरी येऊन जेवलो, पण झोप लागेना. डिस्क भरणं ही काही अचानक होणारी गोष्ट नाही. ती महिनोन् महिने भरत जाते. ८५ टक्क्यांच्या वर गेली की माझ्या फोनवर मेसेज यावा, असा नियम मी स्वतः लिब्रेएनएमएसमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनवर नजर ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, लावला होता. मग मेसेज का आला नाही?

रात्री साडेअकराला लॅपटॉप उघडला. त्या सर्व्हरचं पान बघितलं. नेटवर्क ट्रॅफिकचा ग्राफ व्यवस्थित, सीपीयूचा व्यवस्थित. मेमरी आणि डिस्क मात्र नाहीत. शून्य दाखवत होते असंही नाही, ते ग्राफ तिथे नव्हतेच. हे पान मी कितीतरी महिने उघडत होतो. डिव्हाइस चालू आहे, ट्रॅफिक दिसतंय, एवढं बघून बंद करत होतो. जे दिसतं ते तपासायची डोळ्यांना सवय असते. जे तिथे असायला हवं आणि नाही, ते शोधायची सवय मुद्दाम लावून घ्यावी लागते.

पहिला तास वाया गेला, आणि तो कसा गेला तेही सांगतो, कारण याच दोन वाटांनी बहुतेक जण जातात. आधी फायरवॉल तपासला. लिब्रेएनएमएस सर्व्हरला त्याची माहिती ज्या भाषेत विचारतं ते एसएनएमपी यूडीपी १६१ पोर्टवर चालतं, तो पोर्ट उघडा आहे का हे बघत बसलो. खरं तर ट्रॅफिकचा ग्राफ येतोय म्हणजे पोर्ट उघडाच आहे, हे तेव्हाच लक्षात यायला हवं होतं. मग मिब फायली नाहीत म्हणून असेल असं वाटलं. उबुंटूवर त्या वेगळ्या उतरवून घ्याव्या लागतात. पण मिब फाईल म्हणजे आकड्यांना नावं देणारा शब्दकोश. शब्दकोश नसला तरी आकडा विचारला की उत्तर मिळतं. त्यामुळे नावं सोडून थेट आकड्यांनी विचारायचं ठरवलं.

एसएनएमपीमध्ये प्रत्येक माहितीला झाडाच्या फांदीसारखा पत्ता असतो. इंटरफेसची, म्हणजे नेटवर्क जोडण्यांची, माहिती १.३.६.१.२.१.२ खाली. यंत्राच्या स्वतःच्या साधनांची माहिती १.३.६.१.२.१.२५ खाली, आणि त्यातल्या २५.२ मध्ये स्टोरेजचं टेबल. या टेबलात डिस्क तर असतेच, पण फिजिकल मेमरी आणि स्वॅपही (मेमरी कमी पडली तर वापरायची डिस्कवरची जागा) असतात. म्हणजे मेमरी आणि डिस्क दोन्ही एकदम गायब असतील तर दोन वेगळे बिघाड शोधू नयेत, ही फांदीच कुठेतरी अडलेली असते. या टेबलाची पहिली व्याख्या सप्टेंबर १९९३ च्या आरएफसी १५१४ या इंटरनेटच्या नियमांच्या दस्तऐवजात आली. किल्लारीचा भूकंप झाला तोच हा महिना. लातूरचा माणूस ती तारीख वाचून क्षणभर थांबतोच. नंतर २००० साली आरएफसी २७९० ने ती व्याख्या सुधारून घेतली.

मॉनिटरिंगच्या मशीनवरून 'एसएनएमपीवॉक' चालवलं, ही कमांड एका फांदीखालची सगळी माहिती विचारते. इंटरफेसच्या फांदीवर ओळीच ओळी आल्या. २५.२ वर एकच ओळ आली: 'नो सच ऑब्जेक्ट अव्हेलेबल ऑन धिस एजंट अ‍ॅट धिस ओआयडी'. म्हणजे या एजंटकडे (सर्व्हरवर उत्तरं देणाऱ्या प्रोग्रॅमकडे) या पत्त्यावर असं काही नाहीच.

इथेच माणूस फसतो. एजंट "तुला परवानगी नाही" असं म्हणत नाही, "असं काही नाहीच" असं म्हणतो. तलाठ्याकडे सातबारा मागायला जावं आणि त्यानं "तुम्हाला दाखवता येत नाही" म्हणायच्या ऐवजी "असा गट नंबरच नाही" म्हणावं, तसं हे. आपण मग गट नंबर चुकला का, गाव चुकलं का हे शोधत फिरतो. शेत मात्र जागच्या जागी असतं.

खात्री करायला सर्व्हरवर एक तात्पुरती कम्युनिटी, म्हणजे माहिती विचारायचा पासवर्डसारखा शब्द, बनवली. ती फक्त १२७.०.०.१ वरून, म्हणजे त्याच मशीनवरून, चालेल अशी, आणि तिला कुठल्याही व्ह्यूचं (कुठल्या फांद्या दाखवायच्या त्या यादीचं) बंधन नाही. तिच्यानं तोच पत्ता विचारला आणि सगळं धडाधड बाहेर आलं: फिजिकल मेमरी, स्वॅप, रूट पार्टिशन. माहिती एजंटकडे होती, दाखवायला बंदी होती.

मग एसएनएमपीडीची, म्हणजे त्या एजंटची, कॉन्फिगरेशन फाईल उघडली. उबुंटू आणि डेबियनवर मूळ फाईलमध्ये 'सिस्टिमओन्ली' नावाचा व्ह्यू असतो, आणि त्यात दोनच फांद्या असतात: १.३.६.१.२.१.१ आणि १.३.६.१.२.१.२५.१. म्हणजे यंत्राचं नाव, ते किती वेळ चालू आहे, असली जुजबी माहिती. अनोळखी माणसाला जास्त काही दिसू नये म्हणून हे मुद्दाम ठेवलेलं असतं, आणि ते योग्यच आहे. त्याखाली तीन ओळी कुणीतरी हातानं वाढवल्या होत्या: इंटरफेससाठी २ आणि ३१, सीपीयूसाठी १.३.६.१.४.१.२०२१.११. वर कॉमेंट होती, "सध्या एवढंच."

त्या ओळी माझ्याच. दोन वर्षांपूर्वी इंटरनेटची लाईन सारखी तुटत होती, तेव्हा घाईत फक्त ट्रॅफिक बघायला म्हणून लिहिलेल्या. लाईन सुधारली आणि 'सध्या' तसंच राहिलं. त्या रात्री ती कॉमेंट मी कितीतरी वेळ बघत बसलो होतो.

व्ह्यूमध्ये दोन ओळी वाढवल्या: एक १.३.६.१.२.१.२५ साठी, दुसरी १.३.६.१.४.१.२०२१ साठी. कम्युनिटी फक्त मॉनिटरिंग मशीनच्या आयपीपुरती ठेवली. हे विसरू नका. 'पब्लिक' नावानं सगळं झाड सगळ्यांना उघडं करून मोकळं होणारे मी पाहिलेत, तो उपाय बिघाडापेक्षा वाईट. तात्पुरती कम्युनिटी काढून टाकली, सर्व्हिस रीस्टार्ट केली, पुन्हा वॉक चालवलं. ओळी आल्या.

ग्राफ तरीही आला नाही. पाच मिनिटं थांबलो, दहा थांबलो. मग आठवलं की लिब्रेएनएमएसचा पोलर नावाचा भाग दर पाच मिनिटांनी आकडे आणतो, पण फक्त आधी सापडलेल्या गोष्टींचे. नवीन डिस्क, नवीन मेमरी शोधायचं काम डिस्कव्हरीचं, आणि ती नेहमीच्या मांडणीत सहा तासांनी एकदा चालते. डिस्कव्हरी हातानं चालवली. दीड वाजता डिस्कची पट्टी पानावर उमटली.

मेसेज का आला नाही, याचंही उत्तर इथेच होतं. अलर्टचा नियम म्हणजे डेटाबेसला विचारलेला प्रश्न: ८५ टक्क्यांच्या वर गेलेली डिस्क दाखव. टेबलात त्या सर्व्हरची डिस्कच नसेल तर उत्तर रिकामं येतं, आणि रिकामं उत्तर म्हणजे सगळं ठीक असं धरलं जातं. म्हणून दुसऱ्या दिवशी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी सहाला ती प्रत्येक यंत्राच्या स्टोरेजच्या नोंदी मोजते, आणि कुणाची संख्या शून्य निघाली तर मला मेसेज करते. पहिल्याच सकाळी १४ पैकी तीन नावं आली. एक स्विच होता, त्याला डिस्क नाही हे बरोबरच. बाकीचे दोन सर्व्हर, ज्यांच्यावर मी तीच कॉन्फिगरेशन फाईल कॉपी केली होती.

परभणीला जिनिंगमध्ये असंच काम बघणाऱ्या मित्राला हे सांगितलं, तर त्याच्याकडे व्ह्यू मोकळा असूनही डिस्क दिसत नव्हती. त्याचं टूल २०२१ च्या फांदीतलं २०२१.९ वाचत होतं. ते टेबल वेगळं. कॉन्फिगरेशनमध्ये 'डिस्क' किंवा 'इन्क्लूडऑलडिस्क्स' ही ओळ लिहिल्याशिवाय ते भरतच नाही. ओळ लिहिली, काम झालं. आणखी एक सांगून ठेवतो: जुन्या एजंटवर मोठ्या डिस्कचा आकडा उणे किंवा भलताच दिसला तर डिस्कला दोष देऊ नका. तो आकडा ठेवायची जागा ३२ बिटांची असते, त्यात २१४७४८३६४७ पर्यंतच आकडा मावतो. ४०९६ बाइटच्या ब्लॉकनं गुणलं की साधारण ८ टीबीला हद्द संपते.

मेमरीचा ग्राफ आला आणि नवीनच घोर लागला. ९४ टक्के वापर! मॅनेजरसाहेबांनी लगेच विचारलं, रॅम वाढवायची का? त्यांना गोदामात नेऊन दाखवलं. एका कोपऱ्यात रिकामं बारदान रचून ठेवलेलं होतं. म्हटलं, साहेब, ही जागा भरलेली दिसते, पण माल आला की बारदान उचलून जागा करता येते ना? लिनक्स मोकळी मेमरी कॅशला (पुन्हा लागतील अशा फायली हाताशी ठेवायला) देऊन ठेवतं, ती अशीच. खरा आकडा 'अव्हेलेबल' या रकान्यात असतो, लिनक्सच्या गाभ्याच्या, म्हणजे कर्नलच्या, २०१४ च्या ३.१४ आवृत्तीपासून तो सरळ मिळतो. आमच्या सर्व्हरवर तो निम्म्याहून जास्त निघाला. रॅम वाढवली नाही. त्या पैशांत फोटोंसाठी वेगळी डिस्क घ्या म्हटलं, ती मंजूर झाली.

यंदा कोजागिरीच्या आदल्या दिवशी दुपारी सव्वातीनला फोन वाजला: फोटोंची डिस्क ८६ टक्के. जुने फोटो हलवायला अर्धा तास लागला. मामांना फोन करून विचारलं, काटा कसा चाललाय? "चालू हाय की सर," ते म्हणाले, "का, काय झालं?"